नव्या मोटरचं तेल

४ फेब्रुवारी

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. होडीला नवी मोटर बसली. तेलाचा एवढा घोळ कसला, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. जुन्या मोटरला तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे, जन्मभर तेच केलं. हिचं तसं नाही. हिच्या पोटात तेल वेगळं भरायचं आणि पेट्रोल कोरंच द्यायचं. तुझा भाऊ स्वस्त पडतं म्हणून गाडीचं तेल घेऊन आला, त्याला दारातूनच परत पाठवला. होडीच्या मोटरला कायम ओल लागते, आत गंज धरतो, तिला होडीचंच तेल हवं. दुकानात प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर वाचून मग घेतलं. दुकानदार कंटाळला, पण भरल्या होडीनिशी मी खाडीच्या तोंडाशी अडकलो तर तो थोडाच ओढायला येणार आहे?

जावयांना आशीर्वाद. पत्राला उशीर करू नकोस.

तुझे बाबा

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बाबांनी तुला तेलपुराण लिहिलं असेलच, मला ते तोंडपाठ झालंय. आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात मोटर धूर ओकायला लागली आणि भर प्रवाहात बंद पडली. होडीत उतारू होते. कशीबशी वल्ही मारत आम्ही काठ गाठला. टाकी उघडली तर पेट्रोलमध्ये तेल! घालणारे कोण, तर स्वतः बाबा. म्हणाले, मुद्दाम घातलं, मोटर मऊ चालते. मी टाकी धुतली, प्लग बदलला. आज पुन्हा तेच.

बाबा हट्टी आहेत हे काय आज कळतंय? पण ताई, हा मला हट्ट वाटत नाही, आणि दुसरं काही म्हणायला जीभ रेटत नाही. रविवारी मी बाहेर आहे आणि ते एकटेच उतारू नेणार म्हणतात. जीव थाऱ्यावर नाही. तुझं ऐकतात, तूच लिही.

तुझ्या मायेचा आणि शिव्यांचाही हक्कदार,
धाकटा

२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. शिवायला बसते आणि टाका चुकतो, उसवते, पुन्हा चुकतो. गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या लावून ठेवल्या. म्हणून सरळ विचारते, रागावू नका. ज्यांनी मला दोन तेलांतला फरक इतका नीट समजावला, ते मुद्दाम पेट्रोलमध्ये तेल ओततील हे मला पटत नाही. धाकट्याला काहीही सांगा, मला खरं सांगा. आणि रविवारी एकट्याने होडी काढू नका, माझी शपथ आहे.

मी जवळ नाही म्हणून माया पातळ करू नका.

तुमची ताई

२८ फेब्रुवारी

चि. ताईस,

आशीर्वाद. मुद्दाम नव्हतं. तेल ओतताना ही आपली जुनीच मोटर आहे असं मला पक्कं वाटत होतं. ती विकली, हे मनातच नव्हतं. धाकटा ओरडला तेव्हा आठवलं. हट्ट केला म्हटलं की तुम्ही चिडता, विसरलो म्हटलं की घाबरता. त्यापेक्षा चिडलेले परवडता.

रविवारी होडी काढली नाही. तू आलीस की डॉक्टरकडे जाऊ, त्याआधी नको. मोटरची किल्ली धाकट्याला दिली आहे. मी मागितली, ओरडलो, तरी देऊ नकोस, असं त्याला तू कळव. मी स्वतः सांगायला गेलो होतो. तेलाबद्दल बोलून परत आलो.

माया आहे तशी असू दे.

तुझे बाबा