धाब्यावर प्लास्टिकचे पत्रे

३ मे ८८, जळगाव

आणि वर म्हणे मीच घराचं बघत नाही. भाऊ आज कारखान्याच्या गेटवर आला. साक्रीच्या पुढं आमचं गाव, तिथून गाड्या बदलत. पाणी प्यायच्या आधी तेच जुनं सुरू. घरावरचं मातीचं धाबं उतरवायचं, वर प्लास्टिकचे पत्रे टाकायचे. "तू पत्रासना कारखानामा शे, सस्तामा काढी दे."

नाही म्हटलं. मग भडकला. "बठ्ठा गावना लोके आपला धाबाले हसतस. दरसाल खारी टाकाले तू येस का?"

नाही जात. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी खारी मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढायची, ते तो एकटा करतो. खरंय. म्हणून काय घराचं डोकंच काढायचं? हे गेटवर बोललो नाही, माणसं होती. चहा पाजला. अर्धा ठेवून गेला.

५ मे

शेडवर आमचेच पत्रे. दुपारी खाली उभं राहवत नाही. घरी भिंत दीड हात जाड. दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर आपण वर धाब्यावर आडवे झालेलो असतो.

शेजारच्या नानांचं धाबं आमच्याला चिकटून. फट नाही. पत्र्याला उतार देणार तो कुठं? सगळं पाणी नानांच्या मातीच्या भिंतीवर. बाप गेला तेव्हा पुढचा खांदा नानांचा होता. भाऊच्या डोक्यात हे येत नसेल? येत असेल. म्हणूनच बोलत नाही.

९ मे

पत्र्याच्या मालात एक पावडर टाकतात, उन्हात टिकायला. ती संपली. सुपरवायझर (यापुढे सु., पूर्ण लिहायची लायकी नाही) म्हणाला, मशीन थांबवायचं नाही. पत्रा लालसर यायला लागला. आंबट वास, डोळ्यांत आग.

लॅबच्या साहेबांना दाखवला. ते विचारलं तर सांगतात. म्हणाले, "हा दिसतो घट्ट, पण आत बदलतच असतो. शिवण उसवते तसं. एक टाका सुटला की शेजारचा. आणि हा जो आंबट वायू निघतो ना, तोच पुढचे टाके सोडवत जातो. ऊन लागलं की मग बघायलाच नको."

मग विकायचा कशाला?

"मी लिहून दिलंय, विकू नका म्हणून."

लिहून दिलं. झालं. एक तुकडा खोलीवर आणला, कौलावर दगडाखाली ठेवला.

२० मे

तुकडा विटकरी झाला. वाकवला तर पापडासारखा मोडला. सु.ला नेऊन दाखवला. म्हणे, "कौलावर कोण ठेवतो रे पत्रा?"

मग कुठं ठेवतात, पेटीत?

२१ मे



दुपारी टेम्पो भरायला लावला. तोच लालसर माल, बाजूला रचून ठेवलेला. ड्रायव्हर रफिकभाई, धुळ्याचा. सगळं भरून झाल्यावर म्हणतो, "तुमच्याच घरी चाललोय की. भावानं घेतलाय. तुम्हाला माहीत नाही?"

मग कळलं, त्या दिवशी गेटवरून भाऊ सरळ सु.कडे गेला होता. पैसे माझ्या पगारातून कापायचं ठरवून. आणि पावडर नसलेला माल कुणाच्या गळ्यात मारायचा, ते सु.ला आयतंच मिळालं.

मी उतरवायला लागलो. सु. म्हणाला, "पगार तुझा, पण घर त्याचं ना. तू कोण अडवणारा?"

एक पत्रा पाय देऊन मोडला. बाकीचे गेले. माझ्याच हातानं भरलेले.

२४ मे

रफिकभाई परत आला. धाब्याची माती उतरवून झाली म्हणे. पत्रे भिंतीला टेकवून पडलेत, कारण नाना मधल्या भिंतीवर जाऊन बसलेत, "पाणी माझ्या भिंतीवर सोडू देणार नाही" म्हणतात. जेवायला तेवढे उतरतात.

हे एक बरं झालं. पुढचं ऐका. धाब्याखालच्या सागाच्या तुळया भाऊनं लाकूडवाल्याला विकल्या. सौदा पक्का म्हणून दोनशे रुपये आगाऊ, विसार घेतला. रविवारी तो न्यायला येणार.

म्हणजे पत्रे पत्रे करत होता ते यासाठी. लोक हसतात म्हणे.

मायनं निरोप दिला, "त्याले सांग, घरमा आभाय दिखस."

एवढंच. ये म्हणाली नाही. शिवी दिली असती तरी परवडलं असतं.

२५ मे

रजा मागितली. सु. म्हणे, गेलास तर परत येऊ नकोस. पत्र्यांचे पैसे फिटेपर्यंत मला नोकरी सोडताही येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

विकणाऱ्यानं विसार मोडला तर दुप्पट भरायचा, रिवाज आहे. सायकल विकली. थोडी उचल साहेबांनी दिली, लॅबच्या. मान वर न करता दिली.

मनीऑर्डर रविवारच्या आत पोचायची नाही. रफिकभाई उद्या धुळ्याला जातोय, पुढं गावापर्यंत जातो म्हणाला. त्याला दोनदा बजावलं. पैसे नानांच्या समोर, मायच्या हातात. भाऊच्या नाही. आणि म्हटलं, "भाऊले सांगजो, औंदा खारी टाकाले मी यी राहिनू."

आता भाऊ विसार फेडतो, की हेही ठेवून तुळयाही देतो, तो आणि त्याचं मन. माझ्याकडून जातायत ते चारशे रुपये.