हिरवे बाबा

घोडपदेव,
रविवार, १४ जुलै २०२४

आदरणीय राजरत्नदादास,
विकासचा सप्रेम जयभीम.

आज सुट्टी. सकाळी पाणी भरलं, आईच्या डोळ्यांत औषध घातलं, जेवणात बोंबील होते. आई बरी आहे. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? वहिनींना जयभीम सांग. फोनच केला असता, पण फोनवर बाबांचं नाव निघालं की माझा आवाज बसतो, म्हणून लिहितो.

पुढच्या महिन्यात बाबांचा पहिला स्मृतिदिन. आईचं म्हणणं, त्यांचा हसरा फोटो लावायचा. (पेन्शनच्या कार्डावरचा लावला तर लोक अभिवादन न करताच परत जातील.) हसरा फोटो एकच, तुझ्या लग्नातला, आणि तो बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. हे मशीन पेन ड्राइव्ह ओळखत नाही. तेव्हा ठरवलं, फोटो पडद्यावर उघडायचा आणि मोबाईलने टिपायचा.

परवा उघडला तर बाबा हिरवे. गालावर जांभळे डाग. सेटिंगमध्ये पाहिलं, तर पडद्याचं माप (रिझोल्यूशन) मोठं आणि रंग फक्त २५६. रंग वाढवले की माप आपोआप खाली येतं, माप वाढवलं की रंग पळतात. मशीनची मेमरी तेवढीच, दोन्ही एकदम झेपत नाही. (बाबांचंही तसंच. पेपर वाचताना त्यांना ऐकू येत नसे.) मी हट्टाने सर्वांत मोठं माप निवडलं आणि मॉनिटर काळा झाला.

खरं तर अशा वेळी गप्प बसायचं असतं. पंधरा सेकंद कोणी उत्तर दिलं नाही, तर मशीन स्वतःहून जुन्या मापावर येतं. पण आपल्या चाळीत, त्यातून माणूस गेलेल्या घरात, पंधरा सेकंद गप्प कोण बसणार? शेजारचे गुणाजीकाका, "सरक रे विकास, गिरणीत याच्या दसपट मशीन चालवलंय," म्हणत आले आणि त्यांनी एका टोकापासून कीबोर्डची सगळी बटणं दाबली. मशीनने अंधारात विचारलं असणार, हेच माप ठेवू का, आणि काकांनी आमच्या वतीने होय सांगून टाकलं. पडदा काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशी समोरची मेघना (बँकेत असते) आली. "काका, कीबोर्डला हात लावायचा नाही हां," असं गुणाजीकाकांना आधी बजावून तिने मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी साध्या सेटिंगवर, चालू केलं. पडदा दिसू लागला. मग माप सर्वांत लहान आणि रंग सर्वांत जास्त ठेवून ते पुन्हा नीट सुरू केलं. बाबा सावळे झाले. केस पांढरे, दात दिसतायत. लहान मापामुळे फोटो पडद्यात मावेना, त्यामुळे तू आणि वहिनी बाहेर राहिलात (माफ कर), पण बाबांचा चेहरा नेमका मावला. "आला रे बुधाजी!" काका ओरडले. आई बराच वेळ पाहत उभी होती. मी मोबाईलने भराभर फोटो काढले.

कळावे,
तुझा विकास

ता.क. : सगळ्या फोटोंत बाबांच्या तोंडावरून काळा पट्टा गेलाय. जुन्या मॉनिटरचा फोटो काढला की तो येतोच म्हणे. तेव्हा खरं काम असं की, आई आता सांगते, हाच फोटो तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आहे. तेवढा काढून कुरिअरने पाठव.

ता.क. २ : अल्बमचं आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "वर्षात पहिल्यांदा तू चार माणसांशी बोलत होतास रे. कशाला मोडू?" ती आता खाली भाजी आणायला गेलीय. मी भांडी घासून घेतो.