तिसऱ्या तळ्यातले मासे

२२ जुलै

प्रिय धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. तुझी पाठ पुन्हा धरल्याचं वहिनीकडून कळलं. व्यायाम सोडू नकोस. माझेच गुडघे संपावर गेलेत, तेव्हा उपदेशाचा अधिकार नाही; सवय जात नाही इतकंच.

इकडे रानातली, बेडकांसाठी खोदून घेतलेली चारही तळी भरली. तुझ्या भाषेत डबकी. एकाचा बांध खचला होता, तो मीच फावड्याने चोपला आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. उन्हाळ्यात ती आटतात आणि आटायलाच हवीत. म्हणून त्यांत मासे राहत नाहीत आणि बेडकांची अंडी वाचतात. हे तुला तीन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. पुन्हा शिकवत नाही.

त्याच विषयावर यायचं आहे.

त्या दिवशी तिसऱ्या तळ्यात मासे दिसले, अंड्यांचा मागमूस नव्हता. तू आदल्या दिवशी आलेली, तुझ्या घरी माशांची काचपेटी. मी दोन आणि दोन चार केले. भरल्या ताटावर, नणंदबाई आणि तळी खोदणारा मशीनवाला समोर असताना, तुला जिवंत काही सांभाळता येत नाही असं म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "ताई, मी तळ्याकडे गेलेच नाही." आणि पिशवी उचललीस. तुझे भावोजी खाली मान घालून जेवत राहिले.

मासे त्यांनी सोडले होते. दवाखान्यातून मागून आणलेले गप्पी मासे, डासांच्या अळ्या खातात ते. त्या वर्षी मला दोनदा हिवताप झाला, म्हणून. मला सांगायची हिंमत झाली नाही. माझ्याशी संसार केलेल्या माणसाला ती कुठून असणार? शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, म्हणाले, "ते मासे माझे होते गं. धाकटीला सांग."

म्हणजे ते गेले त्या दिवशी मला ठाऊक होतं. तू शेजारच्या खुर्चीवर होतीस. माझ्या हातात पाण्याचा पेला दिलास. मी पाणी प्यायले आणि गप्प बसले. आज त्यांच्याबद्दल वावगं बोलू नये, अशी मनाची समजूत घातली. खोटं होतं ते. मला मान खाली घालायची नव्हती. त्याला दहा महिने झाले.

परवा त्याच दोघांना बोलावून खरं सांगितलं. मशीनवाला म्हणाला, त्याला तेव्हाच शंका आली होती. आता सगळ्यांनाच आलेली असते. नणंदबाई भडकल्या. "गेलेल्या माणसाच्या माथी मारतेस? तो काय उठून सांगायला येणार आहे?" माझ्याकडे पुरावा नाही. तुलाही खोटं वाटलं तर वाद घालणार नाही. जन्मभर वादच घातले, आता दम उरलेला नाही.

हे पत्र तीनदा फाडलं. दर वेळी त्यांचा दोष सविस्तर उतरायचा आणि माझा दोन ओळींत आटपायचा. ते भीतीपोटी गप्प राहिले. मी ताठ्यापोटी.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागून घ्यायचं नसतं. चुकले मी, आणि दोनदा चुकले.

तुझी,
ताई