चुकलेल्यांत तुमचं नाव

प्रिय अप्पा,

काल शहापूरहून साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. दुखवट्याची दोन वाक्यं उरकली आणि लगेच म्हणाले, ताई, शेवटच्या शब्दकोड्याची उकल राहिलीय, वाचक विचारतायत. तुम्ही कोडं पाठवलंत आणि उत्तरं न देताच गेलात! सकाळी बसून ते मीच सोडवलं. उकल लिहायला कागद घेतला, पण आधी तुमच्याशी बोलायचं होतं.

कोडं छान होतं, हे कबूल करते. ‘उलटी वाहिली नदी, बिचारी! अक्षरं दोन.’ नदी उलटी लिहिली की दीन, आणि दीन म्हणजे बिचारी. फोड स्वच्छ, एकही शब्द फुकट नाही. भातसानगरच्या कॉलनीत एका साहेबांच्या रद्दीतली इंग्रजी कोडी सोडवून धरणावरचा कारकून हे शिकला आणि मराठीत आणलं, याचा मला केवढा अभिमान होता!

मला कसं शिकवलंत, आठवतं? ‘जंगलाला गंध जोडा, रामाचं घर सुटेल.’ मी शाळकरी. समोर ताट वाढलेलं आणि ताटावर तुमचा पालथा हात. आई एकदा म्हणाली, जेवू द्या पोरीला. तुम्ही म्हणालात, जेवेल की, उत्तर दिल्यावर. जंगल म्हणजे वन, गंध म्हणजे वास, वनवास. मला ते सुचेपर्यंत भाकरी पार वातड झाली होती. तुम्ही हसून पाठ थोपटलीत आणि मी ती वातड भाकरी आनंदानं खाल्ली. इतकी वेडी होते मी.

तुमचा एकच नियम होता. कोड्याचं सूत्र फसवेल, पण खोटं बोलणार नाही. आणि सोडवणाऱ्याचं सगळ्यात मोठं पाप कोणतं? आधी उत्तर धरायचं आणि मग फोड ओढूनताणून त्यावर बसवायची. आधी कळस मग पाया.

असं पाप करणाऱ्यांची नावं तुम्ही गावासकट छापायचात. ‘चुकलेले’ या मथळ्याखाली, प्रत्येकाला एकेक टोला. मुरबाडचे ते म्हातारे गुरुजी दर आठवड्याला कौतुकानं उत्तरं पाठवायचे. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत, गुरुजींनी जन्मभर मुलांना काय शिकवलं असेल या विचारानं आम्हाला झोप नाही. गुरुजींनी त्यानंतर उत्तरं पाठवणंच बंद केलं. तुम्ही चहा पिताना म्हणालात, गळाला एक मासा कमी झाला. तो टोला सुवाच्य अक्षरात उतरवून मीच पाठवला होता, आणि मलाही हसू आलं होतं.

मग म्हसा गावची माणसं खर्डीला मला बघायला आली. आई जाऊन वर्ष झालं होतं. मला तो मुलगा आवडला होता, अप्पा. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला न दिसण्यासारखं ते नव्हतं.

ती माणसं गेल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत आणि कोड्याची करावी तशी फोड केलीत. मुलाच्या आईनं पोह्यांना हात लावला नाही, म्हणजे मुलगी मनात भरली नाही. निघताना ‘कळवतो’ म्हणाले, ‘या आमच्याकडे’ म्हणाले नाहीत. वर म्हणालात, मुलगा सगळा वेळ माझ्याकडे बघत होता, तुझ्याकडे नाही. तिन्ही जोड. नकार. आणि आठवड्यानं तुम्ही म्हणालात, बघ, नकारच आला.

मला पटलं. सगळी अक्षरं चौकटीत बसत होती ना! नंतरची स्थळं मीच नको म्हणाले. पोहे पुन्हा कुणी न खाता ठेवलेले मला बघायचे नव्हते. तुमच्या चौकटी आखल्या, भाकऱ्या थापल्या, शेवटी तुमची अंथरुणं बदलली. त्याचं काही नाही, ते मी पुन्हाही करीन.

पण तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना.

नदीवर सगळे उन्हात ताटकळले. मग नेहमीचं सुरू झालं, तुमची इच्छा ओळखायचं. काका हात जोडून म्हणाले, पोरीला सांभाळू. कावळा फांदीवरच. कुणी म्हणालं, कोडी चालू ठेवू. कावळ्यानं मान फिरवली. तुमची शेवटची उकल गावानं नदीकाठी उभं राहून करावी, हे तुम्हाला फार आवडलं असतं. तेवढ्यात म्हशाची आत्या, तुमची चुलत बहीण, जिनं ते स्थळ आणलं होतं, पुढे झाली. पिंडासमोर वाकून ती म्हणाली:

“दादा, त्यांचा व्हकार व्हता. पोरीलाच लगीन करायचं नाय, असा निरोप तू माज्याकडनं धाडलास. आज तिच्या देखत बोलून टाकलंय. आता तरी शिव रे.”

आणि कावळा शिवला. लगेच!

सगळ्यांनी हुश्श केलं, हात जोडले, जेवायची घाई केली. तुम्ही सुटलात म्हणून लोक खूश होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

परतताना मी आत्याला एवढंच विचारलं, मग त्या बाईंनी पोहे का खाल्ले नाहीत? आत्या म्हणाली, “तिचा उपास व्हता, गो. आनि तो पोर लाजून तुज्या बापसाकडं बघत व्हता. दोनदा माणूस धाडला त्यांनी. मीच परतवला, दादाचा शब्द म्हून.” तो आता आजोबा झालाय म्हणे.

उपास! इतकी साधी फोड होती, अप्पा. परक्या वाचकाशी तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. ती सचोटी सगळी कागदावरच संपवलीत का? घरात मी एकटीच होते तुमची फोड मान्य करणारी. भाकरी कोण थापणार, चौकटी कोण आखणार, एवढीच भीती होती ना? तसं म्हणाला असतात तर मी राहिले असते. खरंच राहिले असते. राग त्याचाच जास्त येतो.

लोक म्हणतात, तुम्हाला पश्चात्ताप होता, म्हणून कावळा तेवढ्यासाठी थांबला होता. मी हे मानत नाही. कावळा भुकेलाही असेल. आधी उत्तर धरून मग फोड बसवायची नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. कावळ्याच्या तोंडून आलेली माफी मी घेणार नाही.

आता उकल लिहायला बसते. तुम्हाला शब्द देते, सगळी फोड तुमच्याच पद्धतीनं करीन, एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. गुरुजींच्या घरी जाऊन तुमच्या वतीनं पाया पडीन. आणि शेवटी तुमचाच मथळा देऊन तुमचंच नाव छापीन, प्रथेप्रमाणे गावासकट.

चुकलेले: अप्पा, खर्डी. यांनी उत्तर आधी धरलं आणि फोड मागून बसवली. ती इतकी सुरेख होती की एका मुलीनं तिच्यावर आयुष्य काढलं.

तुमची,
सुमन