तळ्याच्या वाटेवर मूठ पिळायची नाही

३ मार्च

आजपासून रोजनिशी. मला अक्षरओळख नाही, पण मोबाइलला बोललेलं लिहिता येतं. सूनबाईने माइकचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, आई, मनात येईल ते ह्याला सांगत जा, कधीही सांगा, अगदी दिवसभर सांगा. मन मोठं आहे तिचं. जाताना माझ्या खोलीचं दारही लावून घेतलं, मला शांतता मिळावी म्हणून.

मुलाने इलेक्ट्रिक सायकल आणली. तीनचाकी, मागे टोपली. गुडघ्यांसाठी नव्हे. गुडघे ठणठणीत आहेत. वेळ वाचावा म्हणून. वर तळ्यापर्यंत सरकारी जंगलातून वाट जाते. सकाळची मंडळी तिथे बाकांवर बसतात, थर्मासमधला चहा पितात, गप्पा मारतात. मी वर्षभर गेले नाही. कशाच्या जोरावर गप्पा मारत असतील देव जाणे.

५ मार्च

सूनबाईने नियम वाचून दाखवले. जंगल ऑफिसने असल्या सायकलींना उन्हाळाभर परवानगी दिली आहे, ट्रायल म्हणून. तक्रारी आल्या तर बंद. पेडल मारत राहायचं, मोटर नुसता हातभार लावणार. मूठ पिळून स्कूटरसारखी पळवायची नाही. रुंद वाटेनेच जायचं, तळ्याकाठच्या पायवाटेवर शिरायचं नाही. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

सगळं पटलं. निश्चय: एकही नियम मोडायचा नाही आणि दुसऱ्यालाही मोडू द्यायचा नाही.

माझ्या धाकट्या जावेलाही तिच्या मुलीने अशीच सायकल घेऊन दिली आहे. तिला दम लागतो. लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसते, म्हणून मी तिला भाता म्हणते. प्रेमाने. ती हसते. हसतानाही धाप लागते.

८ मार्च

पहिला चढ. पेडल मारलं. गुडघे बोलले. हवा बदलली आहे, सगळ्यांचेच बोलत असतील.

संध्याकाळी सायकलवाल्याकडे गेले. मुलाने त्याच्याकडून मूठ बंद करून घेतली होती, ती सुरू करून घेतली. तो म्हणाला, मावशी, जंगलात हे चालत नाही बरं का. म्हटलं, अरे, मी कुठे जंगलात जाते, अंगणात फेऱ्या मारते. म्हणाला, अंगणात तीन गिअर? हल्ली कारागीर फार बोलतात.

मूठ फक्त अडीअडचणीला वापरायची. ठरलं.

११ मार्च

चढावर अडचण होती. सपाटीवर थोडी होती. उतारावर मूठ पिळली ती सवय मोडू नये म्हणून. पाय पेडलवरच होते. लांबून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही, आणि जवळून बघायला कोणी थांबत नाही.

१५ मार्च

घंटी खणखणीत आहे. पुढे एक जोडपं हातात हात घालून चाललं होतं. घंटी वाजवली, तर दोघं एकदम करवंदीच्या जाळीत. चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, असा नियम आहे, आणि ते आधी गेले. जाळीत गेले हा त्यांचा प्रश्न.

वर पोचले तर मंडळी उठतच होती. रिटायर्ड मास्तर म्हणाले, उशीर झाला, घरी काम आहे. रिटायर्ड माणसाला कसलं आलंय काम? उद्या लवकर जाईन.

१६ मार्च

लवकर गेले. ते त्याहून लवकर येऊन गेले होते. बाक अजून गरम होता. माझी वाट बघून बघून उठले असणार.

२२ मार्च

आज गाठलं सगळ्यांना. पहाटेच जाऊन बसले होते, त्यामुळे कुठे जाणार. माझ्या बाळंतपणांची पूर्ण हकिकत सांगितली, चारही बाळंतपणांची. मास्तरांना ऐकू कमी येतं, कानात यंत्र असतं. मी बोलायला लागले की ते यंत्र काढून खिशात ठेवतात. माझा आवाजच असा आहे, यंत्र लागत नाही.

भाता उशिरा आली. मुंगीच्या चालीने पेडल मारते, कोणी चालणारा दिसला की उतरून उभी राहते. मंडळींनी सरकून जागा दिली, चहा दिला. ती बोलत काहीच नाही, बोलायला हवा लागते ना. दयेपोटी जवळ बसवतात बिचारीला. मी सगळ्यांना सांगितलं की मोटर तिला लागते, मला नाही. मी मनात आणलं तर तळ्याला पळत फेरी मारीन. जंगलखात्याचा टोपीवाला उभा होता, त्यालाही सांगितलं. त्याची मोठी मॅडम जीपमधून आली, तिलाही सांगितलं. सगळ्यांना कळलेलं बरं.

४ एप्रिल

तळ्याकाठची पायवाट ही खरी जवळची वाट. एकदाच गेले, बघावं म्हणून. चाक चिखलात रुतलं, मूठ पिळली, निघालं. मागे बघितलं तर लव्हाळ्यात एका पाणकोंबडीचं घरटं होतं. होतं, म्हणजे आधी होतं. पक्ष्यांनीही रस्त्यात घर बांधताना विचार करावा.

७ एप्रिल

टोपीवाल्याने विचारलं, चिखलात तीन चाकांच्या खुणा कोणाच्या. तीनचाकी दोनच आहेत, माझी आणि भात्याची. मी कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की तिला हल्ली नीट दिसत नाही, रागावू नका तिला.

तिला पुढचे काही दिवस वर यायला बंदी. विश्रांती हवीच होती तिला. आभार मानायला फोन करेल असं वाटलंच होतं. फोन आला. म्हणाली, जाऊबाई, तुम्ही काही बोललात का? म्हटलं, मी कशाला बोलू. मग ती बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. फोन तिनेच केला होता म्हणून ऐकून घेतलं.

१९ एप्रिल

मास्तर माझ्या सायकलवर आदळले.

म्हणजे ते पाठमोरे चालले होते आणि मी मागून येत होते. वळणावर त्यांनी मला लांबून बघितलं होतं, बघितल्याबरोबर यंत्र काढून खिशात घातलं आणि चालायचा वेग वाढवला. आता यंत्र खिशात म्हटल्यावर घंटी कशी ऐकू येणार? उपकरण घेतलंय तर वापरावं. मनगट मोडलं. उजवं. पडल्या पडल्या मला म्हणाले, बाई, तुमचे पाय तर हलतच नव्हते. एवढं दुखत असताना माणूस दुसऱ्याच्या पायांकडे बघतो, ह्याला काय म्हणावं.

भेटायला जाणार होते. सूनबाई म्हणाली, नका जाऊ आई, आधीच त्यांना दुखतंय.

२ मे

जंगल ऑफिसात मीटिंग. सायकलींचं काय करायचं ते ठरवायला सगळ्यांना बोलावलं होतं. ठेवणीतले कपडे घातले, पुढच्या खुर्चीत बसले. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हवा छान लागली.

सगळी मंडळी एकामागून एक उठून बोलली. एक सायकलवाली आहे म्हणे. मागून घंटी बडवते. पेडलच मारत नाही. पायवाटेवर शिरते आणि दुसऱ्यावर ढकलते. माणसांना पाडते. तिच्या भीतीने लोक अंधारात फिरायला येऊ लागले आहेत. ऐकून मला संताप आला. इतक्या दिवसांत माझ्या नजरेस कशी पडली नाही? मी उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं की असल्या बाईची सायकल बंदच केली पाहिजे, वयाचा मुलाहिजा ठेवू नका.

टाळ्या पडल्या. जन्मात कधी पडल्या नव्हत्या इतक्या. मास्तरांनी डाव्या हाताने मांडी बडवली.

मॅडम म्हणाल्या, ठरलं तर मग. तळ्याच्या वाटेवर इलेक्ट्रिक सायकल बंद. फक्त ज्यांना चालणं जमत नाही असं डॉक्टर लिहून देतील, त्यांना कार्ड.

एका बाईपायी सगळ्यांना शिक्षा. मला मात्र कार्ड मिळेल. डॉक्टर काय, अर्ज काय, आपल्या डाव्या हातचा मळ.

६ मे

सरकारी दवाखाना. भाताही कार्डासाठीच आली होती. मी तिच्याच रिक्षात बसले, तिला सोबत झाली. वाटेत मी तिला सांगितलं की तू थोडी आणखी फुसफुस, म्हणजे डॉक्टरला दया येईल.

डॉक्टरीण पोरगेलीशी. म्हणाली, आजी, त्या खिडकीपर्यंत जाऊन या. सावकाश. दुखलं की थांबा, भिंत धरा, मला तेच बघायचंय.

भाता समोरच्या बाकावर बसून बघत होती. आता तिच्यासमोर मी भिंत धरू? लग्न ठरताना तिला मी बघायला गेले होते, ती मला नाही.

गेले. ताठ. परत आले ते जरा झपझपच. घाम आला तो पंखा नव्हता म्हणून. डॉक्टरीण खूश झाली, म्हणाली, ह्या वयात असं चालणारं माणूस क्वचित बघायला मिळतं, आणि तसंच लिहून दिलं. भाता अर्ध्या वाटेत थांबली, भिंत धरली, म्हणाली, मला नाही जमत हो. लाज म्हणून नाही.

तिला कार्ड मिळालं. मी जिंकले.

७ मे

पाय उशीवर. सूज आहे. जिंकल्यावर येते.

१२ मे

मुलाला म्हटलं, मॅडमना फोन कर, सांग की आईला चालवत नाही. तो म्हणाला, आई, तूच सांगितलंयस त्यांना की पळत फेरी मारशील, आणि आता तर डॉक्टरांचा कागद आहे. म्हटलं ठीक आहे, चालत जाईन.

गेले. जंगलाच्या फाटकापर्यंत. पुढे चढ आहे, तो सरकारने उगाच वाढवून ठेवलाय. फाटकाशी दगडावर बसले. टोपीवाला म्हणाला, आजी, जीपने घरी सोडू का? म्हटलं, मी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवते आहे. भाता सायकलवरून आली, मला बघून उतरली, मी आधी जाते का म्हणून वाट बघत उभी राहिली. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं ना. मी हात केला, जा म्हटलं, मला घाई नाही. ती बराच वेळ उभी होती.

मग जीपनेच आले. टोपीवाल्याला एकट्याला कंटाळा येत होता.

१६ मे

भाता घरी येऊन गेली. वरची खबर सांगितली. मंडळी पुन्हा पूर्वीच्या वेळेला येतात. मास्तर आता कानातलं यंत्र काढत नाहीत. परवा कोणीतरी बिस्किटांचा अख्खा डबा आणला होता.

मी विचारलं, माझी चौकशी केली का कोणी. म्हणाली, केली ना, सगळ्यांनी. रोज करतात. आल्या आल्या पहिलं तेच विचारतात, मोठ्या बाई आज येणार नाहीत ना? मी नाही म्हटलं तरी पुन्हा विचारतात, नक्की ना?

जीव लागलाय लोकांना.