मिशीवाली चोखणी

प्रिय वहिनी,

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी शेवटपर्यंत वाच. आणि हसू नकोस.

ती मिशीवाली चोखणी आठवते? बाळ वीस दिवसांचं होतं. मी ती त्याच्या तोंडात घातली तर ते थेट दादाच्या साहेबासारखं दिसायला लागलं. टाके दुखेपर्यंत हसलीस तू. मग म्हणालीस, टाकून दे, अजून त्याला नीट प्यायचीच सवय लागायचीय. मी म्हटलं, टाकली. थाप होती ती.

तू आत जरा डोळे मिटून पडायचीस, बाळ बाहेर आमच्याकडे. ते मुठी चोखायला लागलं की आई म्हणायची, आत्ताच तर पाजलंय, दे ते तुझं बूच. मी द्यायचे. एकदम गप्प! एकदा तर अडीच तास, मोबाइलवर वेळ लावली होती मी. तू उठून विचारायचीस, रडला का गं? मी म्हणायचे, छे, राजासारखा झोपलाय! मग तुझ्याकडे आला की दोन घोट ओढून पेंगायचा. तुला वाटायचं, आपल्यालाच दूध नाही.

नर्सबाईंनी बाळाचं वजन केलं, ते वाढलंच नव्हतं. काटा बघून विचारलं, चोखणी देता का? तू छातीठोक नाही म्हणालीस. आईने माझ्याकडे बघितलं. चोखणी माझ्या मुठीत होती, अजून ओली. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, तेव्हा मात्र दातखीळ बसली. मग पावडरीचा डबा आला, आईने गल्लीभर केलं, सून कोरडी आहे. दादासुद्धा म्हणाला, तिला नाही जमलं. तू रडत माहेरी गेलीस.

काल आई मावशीला हेच तिखटमीठ लावून सांगत होती आणि मी सवयीने फिदीफिदी हसले. मग माझीच मला किळस आली. उठले, नर्सबाईंकडे जाऊन सगळं ओकले. त्या म्हणाल्या, बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध येतं, तुम्ही त्याची भूकच बुचाने मारलीत. सहा आठवड्यांचंच आहे, सारखं छातीला लावलं तर दूध वाढेलही, खात्री नाही. उद्या अकराला त्या तुझ्याकडे येतायत, म्हणून हे पत्र आजच हातोहात धाडतेय; दार उघड. दादाला मी आईसमोरच सांगितलंय. आई मला घरभेदी म्हणते, दादा बोलत नाही. फोन केला असता तर तू लगेच म्हणाली असतीस, जाऊ दे गं, लहान आहेस. म्हणून लिहिलं. जाऊ देऊ नकोस. दूध आलं नाही तर ते मी घालवलं, असं चारचौघांत म्हण. तू कोरडी नव्हतीस.

तुझीच,
खोटारडी नणंद