पोस्टरवरची वेणी

प्रिय धाकटे,

आठवडाभर तू माझा फोन कापते आहेस, म्हणून हे पत्र. मेहुणे आज संध्याकाळी इकडे येणार आहेत, त्यांच्या हाती देते. ते इथे येतात हे तुला ठाऊक नाही, असं त्यांना वाटतं. तुला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांना बोलू नकोस. पत्र फोनसारखं कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी तू वाचशील. लहानपणापासून तुझी तीच खोड.

मी दमले आहे, तेव्हा गोड बोलण्यात वेळ घालवत नाही. गेल्या फोनवर तू मला म्हणालीस, "ताई, तुला स्वतःचं मूल नाही, म्हणून माझ्या पोरीला फितवलंस." पहिली गोष्ट मी ऐकली आणि बाजूला ठेवली. या वयात असल्या गोष्टी मनाला लावून घेत बसायला अंगात ताकद लागते. दुसरीचं उत्तर देते. मी तिला फितवलं नाही. काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे, आणि जे माहीत नाही ते तुझ्याच घराच्या खालच्या मजल्यावर घडलं आहे.

अग्निशमन दलाच्या भरतीची ती जाहिरात मी घेतली, कारण साबण आणि प्रेशर कुकर यांचे फोटो काढून मला वीट आला होता. वाटलं, निदान खरी माणसं असतील. तुझी लेक सुट्टीत घरी बसून कंटाळली होती, उजेड वळवायचा रिफ्लेक्टर धरायला तिला मीच बोलावलं. तूच सकाळी तिची वेणी घालून पाठवलीस. इथवर आपण दोघी सारख्याच दोषी.

फायर स्टेशनच्या अंगणात लाइट लावता लावता दुपार झाली. एजन्सीचा दाढीवाला पोरगा धुराचं मशीन घेऊन आला होता आणि जवानांच्या तोंडाला काजळी फासा म्हणत होता. जवान हसून बेजार. एक म्हणाला, "साहेब, थांबा थोडं, खरी मिळेल. फुकट." पोस्टरसाठी त्यांनी एक बाई निवडली होती, त्या स्टेशनातली एकुलती एक. तिचे केस कानापर्यंत कापलेले, हाताला जुन्या भाजल्याचा डाग. मी फोकस लावला, आणि घंटा वाजली. धाकटे, मी आयुष्यभर माणसांना 'हलू नका' म्हणत आले. मी तेच म्हणाले. तोवर समोर कुणीच नव्हतं. बंब फाटकाबाहेर, आणि माझ्या कॅमेऱ्यापुढे एक अर्धा प्यायलेला चहाचा कप.

तासभर वाट पाहिली. ऊन उतरायला लागलं. दाढीवाला घड्याळ बघून बघून रडकुंडीला आला, आणि मग त्याची नजर तुझ्या लेकीवर पडली. खुंटीवर एक जादा कोट होता, हेल्मेट होतं, उंचीही तेवढीच. वेणी त्यानेच पुढे ओढून खांद्यावर सोडली, म्हणाला, "बाई आहे हे लांबून कळायला नको का!" मी फोटो काढले. चांगले आले. चेहरा चांगला असला की फोटो चांगलाच येतो, त्यात माझं काही कौतुक नाही.

बंब परत आला तेव्हा ती बाई खाली उतरली. डोळे लाल, गालांवर मास्कचे वळ, अंगावरून पाणी गळतंय. तुझ्या लेकीला कोटात बघून ती म्हणाली, "शोभतोय गं. कसा वाटतोय?" ही म्हणाली, "जड." "भिजू दे, मग सांग." मी दाढीवाल्याला म्हटलं, आता हिचा काढते. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, लाइट गेला. लाइट होता. ती बाई हसली. "बरं झालं. सासूबाईंना वाटतं मी आत बसून फोन घेते. पोस्टर लागलं असतं तर घरीच आग लागली असती."

पुढचं तुला पाठ आहे. शहरभर पोस्टर लागलं. बसथांब्यावर, पुलाखाली, दवाखान्याच्या भिंतीवर. 'पुढे या. शहराला तुमची गरज आहे.' तुझ्या ऑफिसातल्या बायकांना तू मुद्दाम वळसा घालून ते दाखवायला नेलंस. मला फोन केलास तो एवढीच तक्रार करायला, की हेल्मेटने पोरीचं कपाळ झाकलं. वेणी मात्र छान दिसते म्हणालीस. तेव्हा मी फितवलं, असं तुला वाटलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तिने सांग म्हटलेलं नाही. मी माझ्या जबाबदारीवर सांगते. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आग लागली, त्या दिवशी तू कामावर होतीस. काकू धावत वर आल्या. शेजारी दोन घरं उघडी होती, तिथे गेल्या नाहीत. तुमचं दार बडवलं आणि म्हणाल्या, "अगं, तू फायरवाली ना? चल लवकर." पोर म्हणाली नाही की काकू, तो नुसता फोटो आहे. म्हणायला तोंड उघडलं होतं, असं ती म्हणते, पण काकूंनी हात धरून ओढलंच. खाली कढईतलं तेल पेटलं होतं. हिने बादली उचलली आणि पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं. तुला-मला माहीत असेल नसेल, पण तसं कधी करायचं नसतं. जाळ छतापर्यंत गेला. काकूंचा हात कोपरापर्यंत भाजला तो त्या जाळाने, कढईने नव्हे. आग नंतर बंबवाल्यांनी विझवली.

आणि काकू काय करतात? आजही जिन्यात भेटेल त्याला सांगतात, "हिने वाचवलं मला." हाताची पट्टी दाखवून सांगतात. तू घरी येऊन लेकीचं कौतुक केलंस, तिला जवळ घेतलंस. ती जेवली नाही, तर म्हणालीस, घाबरली असेल. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, ती पोस्टरं काढायला लाव." मी दाढीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सहा महिन्यांचे पैसे भरले आहेत. माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावरून उठताना ती म्हणाली, "मग निदान खरं तरी करते." मी तिला 'कर' म्हणाले नाही. 'नको'ही म्हणाले नाही. माझ्यात तेवढं अवसान नव्हतं.

तिने भरतीचा अर्ज भरला, निवड होऊन प्रशिक्षण सुरू झालं. तेव्हापासून ती इथे माझ्याकडे आहे, कारण तू म्हणालीस, वेणी कापलीस तर घरात पाय ठेवू नकोस. तिने ती लगेच कापली नाही. खूप दिवस ती हेल्मेटखाली कोंबत होती. मास्कच्या पट्ट्यात केस अडकायचे, मास्क नीट बसायचा नाही, शिकवणारे उस्ताद तिला रांगेतून बाहेर काढायचे. तिथे तिला सगळे 'पोस्टर' म्हणतात. "ए पोस्टर, शिडी धर. ए पोस्टर, फोटो नाही काढत कुणी, पळ." रोज संध्याकाळी धुराच्या वासाचे कपडे माझ्या दोरीवर. माझे गुडघे दुखतात, तिचे खांदे दुखतात, एकच मलम दोघींत पुरवून वापरतो. एके दिवशी ती आरशासमोर पाठमोरी उभी राहिली आणि कात्री माझ्या हातात दिली. "आईनेच घातलेली आहे," म्हणाली. घरातून निघाली त्या सकाळी तू घातलेली ती नव्हती, उगाच तसं समजू नकोस. पण वरचं रबर तुझं होतं, तेच ती रोज लावायची. मी रबराच्या वर कापलं, म्हणजे सुटणार नाही.

आज सकाळी नव्या तुकडीचे ओळखपत्राचे फोटो काढायला मला स्टेशनवर बोलावलं होतं. पांढरा पडदा, एक दिवा, एक स्टूल. धूर नाही, काजळी नाही, दाढीवाला नाही. शेजारच्या टेबलावर कारकून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता: काही झालं तर कुणाला कळवायचं? एक नंबर सांगा. कुणी बायकोचा सांगत होतं, कुणी बापाचा. तुझ्या लेकीने माझा सांगितला. मी कॅमेऱ्यामागे होते, तिला वाटलं मी ऐकलं नाही. तिचा फोटो काढून झाल्यावर मी टेबलाशी गेले आणि कारकुनाला तो नंबर खोडायला लावला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" मी म्हटलं, जिचा नंबर आहे तीच. तिथे मी तुझा लिहवून घेतला. पोर लांबून बघत होती. तिने मान खाली घातली. धाकटे, तो फोन कुणालाच येऊ नये. पण यायचाच असला तर तो मावशीला येऊन मग मावशीने तुला सांगायचं, हे मला झेपणार नाही, आणि तुझ्या जागी मी उभी राहणार नाही. उद्या सकाळी तिची पहिली ड्यूटी. उद्यापासून अनोळखी नंबर आला तरी उचल. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझीच,
ताई

हे मेहुण्यांना दारात उभं करून पाकिटाच्या पाठीवर लिहिते आहे. त्यांच्या हाती देते ते असं: हे पत्र, बंद. कापडी पिशवीत वेणी, दोन्ही टोकांना रबर, वरचं तुझं. आणि आजचा एक फोटो, हेल्मेटशिवाय. कपाळ पूर्ण दिसतं. पिशवी त्यांनी उघडली नाही. फोटो मात्र पिशवीत न ठेवता शर्टाच्या खिशात घातला आहे, तेव्हा मागून घे.